मायच्या सरत्याचा पावा

दादाचा फोन यायचा तो संध्याकाळी, दिवेलागणीला. त्या दिवशी तो सकाळीच वाजला आणि मी, काय खुळी बाई, चक्क आनंदले. वाटलं, आज बरं वाटत असेल त्याला, संध्याकाळपर्यंत धीर निघत नसेल. गॅसवरचा चहा तसाच सोडून आतल्या खोलीत धावले, खुंटीवरचा पावा काढला, फोन रोजच्यासारखा उशीला टेकवून ठेवला आणि हॅलोबिलो काही न म्हणता फुंकायला लागले. फुस्स… फुस्स… नुसती हवा. "थांब दादा, आज येतेच पाह्य," म्हणून पुन्हा ओठ टेकवले तेव्हा पलीकडून सुमनवैनी म्हणाली, "मालूताई, ठेवा तो पावा. तुमचे दादा गेले पहाटे." चहा उतू जाऊन गॅस विझला होता, त्याचा वास घरभर झाला होता आणि मी तिथंच उभी. मला आधी रडू आलं नाही. राग आला. अरे, इतका थांबलास, आणखी आठ दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं तुझं?

मेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन, पण आधी खरं बोलू द्या. माझा थोरला भाऊ मनोहर महाहट्टी होता. आमचं मूळ गाव जैनथकडं, पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर. पलीकडच्या काठावर महाराष्ट्र. आमचे आजोबा मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात जन्मले, वडील आंध्रात नोकरीला लागले, आम्ही म्हातारे झालो ते तेलंगणात, आणि या सगळ्यात गावानं आपली जागा वीतभरही सोडली नाही. दादा बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत फिटर म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. मी आदिलाबादेत मराठी शाळेत शिकवते, राहते जवळच्याच मावल्यात. आई लवकर गेली, वडील तिच्या मागोमाग. माझं लग्न दादानं केलं, आणि माझे यजमान गेले तेव्हा दाराशी सगळ्यात आधी येऊन उभा राहिला तोही दादाच. तेव्हा त्याच्यावर चिडायचा हक्क मला आहे, आणि तो मी त्याच्या माघारीही सोडणार नाही.

त्याला हे वेड लागलं ते नोकरीच्या ऐन भरात. खाणीत एक परदेशी यंत्र आलं आणि ते बसवून द्यायला ओकुदा नावाचा जपानी माणूस आला. दादा त्याच्या हाताखाली. ना याला त्याची भाषा, ना त्याला याची. दोघं नटबोल्टांच्या खुणांवर बोलायचे. दिवसाचं काम उरकलं की ओकुदासाब पाहुण्यांच्या बंगल्याच्या ओट्यावर बसून वेळूची एक जाड नळी वाजवायचा. शाकुहाची तिचं नाव. दादा तिला जपानी पावा म्हणायचा. आपली बासरी आडवी धरतात, हा उभा. वरचा काठ तिरका तासलेला, रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंक मारावी तशी त्यावरून मारायची. पुढं चार भोकं, मागं अंगठ्यासाठी एक. काही कारागीर म्हणे आतून लुकण, म्हणजे एक चिकट लेप, भरून नळी सारखी करून घेतात, म्हणजे सूर हुकमी येतो. ओकुदासाबच्या नळीत असलं काही नव्हतं. गाठींचे पडदे तेवढे फोडलेले, बाकी वेळू आतून जसा वाढला तसा. दादाला हे फार पटलं. हट्टी माणसाला हट्टी वस्तूच आवडायची.

पहिल्या दिवशी तो सूर ऐकून दादा क्वार्टरवर आला तो जेवलाच नाही, असं वैनी सांगते. पुढं मला भेटला तेव्हा म्हणाला, "मालू, सारी भोकं बंद करून तो खालचा सूर लावते ना… तो आवाज मी ऐकलेला हाय. लहानपनी. पन कुठं ते काही केल्या आठवून नाई राह्यलं." मी म्हटलं, जपानात गेला होतास का रे लहानपणी? तर माझ्यावरच तापला. ओकुदासाब परत जाताना त्याला एक सुतळी देऊन गेला. एक हात आणि वर चार बोटं लांब, भोकांच्या जागी पाच गाठी मारलेल्या. आणि एक नियम सांगून गेला, तो दादानं पुढं आम्हाला इतका ऐकवला की माझ्या शाळेतल्या पोरांनासुद्धा पाठ झाला असता. आधी नळी ऐकायची, मग भोकं पाडायची. भोकं पाडायच्या आधी नुसत्या नळीत फुंकायचं. तिचा स्वतःचा खालचा सूर भरून आला तरच हात लावायचा, नाही तर ती नळी पाव्याची नाही असं समजून सोडून द्यायची.

सोडून देण्यातच त्याची वर्षं गेली. आमच्या जंगलातला वेळू बुंध्याशी भरीव. लाठीला नामी, पाव्याला कुचकामी. ज्यात पोकळी सापडायची तो सुकताना तडकायचा, जो तडकायचा नाही त्याचा सूर मध्येच घोगरायचा. खाणीतले दोस्त म्हणायचे, अरे फिटर ना तू, मार की मशीनवर ड्रिल! हा उसळायचा, "ड्रिलच मारायचं तं लोखंडाचा पाइप काय वाईट हाय?" क्वार्टरच्या मागच्या अंगणात कानस, सळई, हातानं फिरवायचं गिरमिट आणि काचकागद घेऊन रविवारचा रविवार बसायचा आणि फसलेल्या नळ्या शेवटी न्हाणीतल्या बंबात जायच्या. वैनी आल्यागेल्याला सांगायची, आमच्या घरी आंघोळीचं पाणी पाव्यावर तापतं. दादा हसायचा. तेव्हा हसायला त्याच्याकडं दम होता…

निवृत्तीनंतर खोकला लागला. आधी सगळ्यांनी हवापालट सांगितली, मग तुळशीचा काढा, मग हे तपास, ते तपास. शेवटी हैदराबादच्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की फुफ्फुसं कडक होत चालली आहेत. कशानं झालं ते सांगता येत नाही, मागं फिरवता येत नाही, सावकाश वाढत जाणार. आणि वेळूचा भुसा तर नाकाजवळही नको. मी सोबत होते. बाहेर येऊन दादा दवाखान्याच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "म्हंजे फुंकाचं बी बंद, घासाचं बी बंद. आता काय टाळ कुटू?" मी हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तेव्हा माझा हात धरून तो हळूच म्हणाला, "मालू, मले वाजवता येत नाई आलं तरी चालंल. माह्या हातच्या नळीतून तो खालचा सूर एक डाव ऐकायचा हाय. एकच डाव. मंग काही बी होवो." इतकी वर्षं मी ज्याची टर उडवली, ती गोष्ट त्या पायरीवर एकदम माझी झाली. त्या दिवसापासून मी देवाकडं दुसरं काही मागितलं नाही. खोटं कशाला बोलू, त्याचं आयुष्यही मागायची हिंमत झाली नाही. एक सूर मागितला.

आता अडचण अशी की ओला वेळू खणून आणला तर तो सुकायलाच दोन-तीन पावसाळे हवेत. दादाजवळ ते कुठं होते? तरी त्यानं आशा सोडली नाही. बेल्लमपल्लीच्या बाजूला एका टेकडीवर त्यानं एक बेट हेरून ठेवलं होतं, त्यातले काही वेळू उभ्याउभ्या वाळलेले होते. पण वेळू जंगलाचा, म्हणून मंजुरी पाहिजे. त्यानं आदिलाबादच्या कचेरीत दरखास्त दिली, आणि नेमकी त्याच दसऱ्याला आमच्या जिल्ह्याची चार शकलं झाली. बेल्लमपल्ली दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. इथला कारकून म्हणे कागद तिकडं पाठवला. तिकडचा म्हणे अजून आला नाही, कपाटंच यायची आहेत. वर टेकडी पडली हद्दीवर, ती कोणाच्या वाट्याची हेच ठरेना. बिचारा कारकून वाईट नव्हता, खुर्ची द्यायचा, पाणी द्यायचा आणि गोड आवाजात म्हणायचा, "रेपु, सार, रेपु." रेपु म्हणजे उद्या. ज्याला उद्याचा भरवसा नाही त्याला रोज उद्या द्यायचा! दादा बसनं इकडून तिकडं खेटे घालायचा, दोन पायऱ्या चढला की कठडा धरून उभा राहायचा. एकदा असाच माझ्याकडं मावल्याला येऊन दारातच बसकण मारली. धाप ओसरल्यावर म्हणाला, "निजामाची हद्द गेली, आंध्राची गेली, आता जिल्ह्याची बी हालली. वेळू तं जाग्यावरच हाय ना बाप्पा! मीच हालून राह्यलो नुसता." मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले, आणि बाहेर येऊन त्याला वरणभात वाढला.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, गावी जाऊ. गोदाकाकूला भेटून येऊ, पुन्हा व्हायचं नाही. गोदाकाकू ही आमची चुलती, आईची धाकटी जाऊ. ऐंशीच्या घरातली, अजून कपाशी वेचते आणि ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालते. जैनथपर्यंत बस, पुढं ऑटो. काकूनं दादाला पाहिलं, तोंडावरून हात फिरवला आणि काहीच विचारलं नाही, म्हणजे तिला सगळं कळलं. ऊन होतं म्हणून तिनं खाट गोठ्यात टाकली. दादा आडवा झाला आणि छताकडं बघता बघता एकदम उठून बसला. वाशांना दोन सरते बांधलेले होते.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. सरता म्हणजे पेरणीची वेळूची नळी. वर लाकडाचं वाटीसारखं चाडं, खालचं टोक जमिनीत. औत पुढं चालतं, मागून बाई सरता धरून चाड्यात मुठीनं बी सोडत जाते. आमच्या घरी आई आणि गोदाकाकू दोघी जावा पेरायच्या, दोघींचे सरते आपापल्या उंचीचे, एकीचा दुसरी धरायची नाही. तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, संपला की खालच्या टोकात माती अडकली का ते बघायचं. त्याची रीत अशी की चाडं काढायचं, नळीचा काठ ओठाशी धरायचा आणि वरून आडवी फुंक मारायची. नळी मोकळी असली की ती हूंऽऽ करते, माती अडली असली की गप्प राहते. आम्ही लहान असताना बांधावर झोळीशेजारी बसून दिवसभर ते ऐकायचो… आईचा हूंऽऽ आणि त्याच्यामागून काकूचा.

"मालू… हाच तो." दादा एवढंच म्हणाला आणि गव्हाणीला डोकं टेकून ढसाढसा रडला. त्याला श्वास पुरेना, आणि रडणं थांबेना. मी पाठ चोळत होते आणि काकू घाबरून मला विचारत होती, काय झालं व पोराले, काय झालं. जन्मभर जपान्याच्या पाव्यात तो जे शोधत होता ते आमच्या आईच्या हातात होतं.

मग लागलाच काकूच्या मागं. मायचा सरता दे. काकूनं आधी साफ नाही म्हटलं. "सरता तोडत नसतात बाबू. जुना झाला तं नदीत सोडतात, पन करवत नाई लावत." तो सरता आमच्या आजोबांनी केलेला. मोगलाईच्या शेवटच्या दंगलीत घरचे सगळे नदी ओलांडून वऱ्हाडात पळाले होते, निवळल्यावर परतले तेव्हा औतफाटं काही उरलं नव्हतं. आजोबांनी पलीकडून खांद्यावर एक वेळू आणला होता, त्याचा हा सरता. आई सून म्हणून आली ती यावरच पेरायला शिकली. काकू हे सांगत होती आणि दादा खाटेवर बसून नुसता तिच्याकडं बघत होता, भांडतही नव्हता. त्याचं ते न भांडणंच काकूला सोसलं नसावं. तिनं सरता सोडवून खाली घेतला, पदरानं पुसला, हळदीकुंकू लावलं आणि त्याच्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "ने. पन पेरनीच्या आधी आनून दे. कसा बी असो, पेरनीले सरता घराबाहेर राह्यत नाई." दादानं तिच्या पायावर हात ठेवून कबूल केलं.

काम माझ्या घरी झालं, मागच्या पडवीत. बेल्लमपल्लीच्या घरात आता ऑक्सिजनचं मशीन आलं होतं आणि वैनीनं भुशाला बंदी केली होती, तिचं बरोबरच होतं. मग ते मशीनही मावल्याला आलं आणि वैनीही आली, कपाळाला हात लावत. करवत मी चालवली, कानस मी घासली, तोंडाला ओला रुमाल बांधून. दादा पडवीच्या दुसऱ्या टोकाला नाकात नळी घालून खुर्चीत बसायचा आणि तिथून माझ्यावर ओरडायचा. "हळू, हळू! वांगं चिरून राह्यली का?" त्यानं सुतळी लावून माप घेतलं. ओकुदासाबनं बुंध्याचाच तुकडा सांगितला होता, हा बुंध्याचा नव्हता. "नसू दे," दादा म्हणाला, "बुंधा नाई तं नाई." तोडायच्या आधी त्यानं नळी उजेडाकडं धरून आत पाहिलं आणि मला बोलावलं. गाठी कोण्या काळी तापल्या सळईनं जाळलेल्या, त्यांच्या काळ्या कडा राहिलेल्या, आणि दोन कडांच्या मधली भिंत अशी लकलकीत की काय सांगू. इतकी वर्षं त्यातून ज्वारी वाहिली होती. "कागद लावायचं काम नाई, मालू. मायनं घासून ठेवली हाय."

मी वरचा काठ तिरका तासला, तो मात्र त्यानं माझ्याकडून चारदा दुरुस्त करून घेतला. आणि आता नियमाप्रमाणे आधी नळी ऐकायची. त्याच्याकडं फुंक नव्हती. एक-दोनदा त्यानं प्रयत्न केला, ओठ टेकवले, छाती भरायला गेला आणि खोकत असा कोसळला की वैनीनं नळी हिसकावून घेतली. मग मी. मी फुंकली, पुन्हा फुंकली, डोकं गरगरेपर्यंत फुंकली. फुस्स. वैनीनं फुंकून पाहिली. फुस्स. लहानपणी बांधावर ऐकलेला आवाज आमच्यापैकी कोणालाच काढता येईना, आम्ही शिकलेल्या बायका! दादा म्हणायचा, "ओठ सैल सोड. तू रागावून फुंकून राह्यली." मी रागावलेलीच होते. वेळ हातातून चालला होता, रोज त्याचं बोलणं एकेक शब्दानं आखूड होत होतं, आणि मला साधी फुंक मारता येत नव्हती. त्या दिवसांत मी स्वतःचे ओठ आरशात बघायचे आणि मला त्यांचा तिटकारा यायचा.

मग एका दुपारी मी शाळेतून आले तर दादा गिरमिट घेऊन बसलेला. नळीवर सुतळी ताणलेली. पहिलं भोक पाडून झालं होतं. मी ओरडलेच, "दादा, अरे थांब! नळी कुठं ऐकली अजून?" ज्यानं आम्हाला जन्मभर तो नियम ऐकवला, ज्यानं सूर भरून येत नाही म्हणून कितीतरी नळ्या बंबात घातल्या, तो बहिऱ्यासारखा सुतळीच्या गाठींवर विसंबून भोकं पाडत होता. त्यानं वर पाहिलं. त्याचे डोळे मला अजून दिसतात. म्हणाला, "ऐकत बसू… तं… पाडू कदी?" पाच शब्दांना तीन श्वास लागले. मी नळी धरून ठेवली, हलू नये म्हणून. पाचवं भोक अंगठ्याचं, तेही अगदी गोल पडलं. फिटरचा हात तो.

पण सूर नव्हता. आता पाच भोकांवर बोटंही बसवायची, आणि ती माझ्यानं नीट बसेनात, कुठून ना कुठून हवा निसटायचीच. आठवड्याभरात दादाला दवाखान्यात हलवावं लागलं, बेल्लमपल्लीच्या बाजूच्याच, म्हणजे आता दुसऱ्या जिल्ह्यात. पावा माझ्याकडं राहिला. मी शनिवारी बसनं जायचे, बाकीचे दिवस संध्याकाळी फोन. वैनी फोन त्याच्या कानाशी धरायची आणि मी इकडून फुंकायचे. तोंडावर मास्क, बोलता यायचं नाही. पण वैनी सांगायची, डोळे मिटून ऐकतात हो, आणि फोन ठेवला की बोटानं खूण करतात, उद्या. शेवटी त्यानंही मला उद्याच दिला, त्या कारकुनासारखा. एका शनिवारी मी त्याला विचारलं, दादा, चिडला आहेस का माझ्यावर? त्यानं मास्क बाजूला केला. "नाई व. माय बी… अशीच फुंकायची… सुरवातीले." हे खरं की माझी समजूत घातली, देव जाणे. ते त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

तेरवी झाली. पाहुणे गेले, वैनी बेल्लमपल्लीच्या घरी राहिली, तिला तिथंच बरं वाटतं. पावा माझ्या खुंटीवर. मी त्याला हात लावला नाही. ज्यानं ऐकायचं तोच नाही, आता आला काय आणि न आला काय. खरं सांगते, एकदा वाटलं, बंबात घालावा, त्याच्या बाकीच्या पाव्यांसारखा. बाजारात कोणी भेटलं आणि म्हणालं की भाऊ सुटला बिचारा, तर मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटायचं. कशातून सुटला? एक सूर मागितला होता त्यानं, तोही मिळाला नाही. कसली सुटका ती!

रब्बीची पेरणी आली आणि गोदाकाकूचा निरोप आला. सरता आन. दादानं पायावर हात ठेवून कबूल केलेलं, तेव्हा जाणं भाग होतं. मी पावा जुन्या साडीत गुंडाळून नेला. सगळी पेरणी ट्रॅक्टरनंच होते आता, पण घरामागं हुरड्यापुरता एक तुकडा काकू हातानं पेरते. तिनं साडी उलगडली. मला वाटलं, बोलेल. तिनं पावा उलटापालटा केला, भोकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आखूड केला."

"हो काकू."

"होऊ दे. मी बी तं आखूडच झाली आता. पन एवढी भोकं ठेवली तं बियानं सारं अर्ध्यातच सांडल ना."

आणि खाली वाकून तिनं ओल्या काळ्या मातीचा गोळा उचलला, बोटांत मळला आणि एकेक भोक लिंपायला लागली. अंगठ्यानं दाबून, वरून पुसून. मी "काकू, नको" म्हणणार होते. दादाच्या हातची ती शेवटची भोकं. पण तोवर दोन बुजलीही होती. पाचही बुजवून झाली तेव्हा तिनं खालचं टोक पाहिलं, आणि माती आत उतरली का ते बघायला म्हणून, पेरणाऱ्या बायका बघतात तसं, काठ ओठाशी धरून सहज एक आडवी फुंक मारली.

हूंऽऽऽ…

जड, भरलेला, खालचा. एक डावच. बांधापर्यंत गेला आणि विरला. मी तिथंच ढेकळांत बसले. नळीत सूर होता. पहिल्या दिवसापासून होता. भोकं पाडायच्या आधी काकूला नुसतं बोलावलं असतं, एक ऑटो करून आणलं असतं, तर पडवीतल्या त्या खुर्चीत बसून त्यानं ऐकला असता… आम्हाला दोघांनाही सुचलं नाही. काकूला हे मी सांगितलं नाही. कसं सांगणार?

माझा हात आपोआप फोनकडं गेला आणि दादाचाच नंबर लागला. तो फोन आता वैनी वापरते. "बोला मालूताई."

"वैनी, बोलू नका. ऐका फक्त." मी फोन सरत्याच्या तोंडाशी धरला आणि काकूला मानेनं खूण केली.

"कोनाले ऐकवून राह्यली व?"

"दादाले."

काकूनं पदरानं ओठ पुसले, काठ पुन्हा टेकवला आणि या वेळी सावकाश, दम पुरेल तितका वेळ फुंकत राहिली. वैनीनं फोन ठेवला नाही. मग काकूनं चाडं बसवलं, ज्वारीची मूठ भरली आणि वाकून तासाला लागली. नळीतून दाणे उतरताना बारीक सरसर ऐकू येत होती, ती वैनीला ऐकू जावी म्हणून मी फोन खाली धरून काकूच्या मागं चालत राहिले, तास संपेपर्यंत.